बादलीभर कढत पाण्याचा जमाखर्च

पंधरा लिटरचा गिझर आहे. नळाचं पाणी २० अंश सेल्सिअसचं, ते ६० अंशांवर न्यायचं. एवढ्या कामाला जी ऊर्जा लागते, तेवढीच ऊर्जा खर्चून हेच पंधरा लिटर पाणी उचलायचं ठरवलं तर ते कुठवर जाईल? गच्चीवरच्या टाकीपर्यंत? सिंहगडाच्या माथ्यावर? हिशेब केला की उत्तर येतं १७ किलोमीटर. एकावर एक दहा कळसूबाई रचल्या तरी पाणी त्यांच्या वर पोचेल, प्रवासी विमानं उडतात त्याच्याही पुष्कळ वर. न्हाणीघराच्या कोपऱ्यात टांगलेला पांढरा डबा हे काम वीस-बावीस मिनिटांत उरकतो, आणि दाराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभे असलेले आपण विचारतो, ‘अजून कसं तापलं नाही?’

उष्णता आणि उचलण्याचं काम यांचा असा थेट दर लावता येतो, हे जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं. गडी मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा, घरचा धंदा बिअर गाळण्याचा. दोरीला बांधलेली वजनं हळूहळू खाली येत, त्यांच्या ओढीनं पाण्यात बुडवलेली वल्ही फिरत, आणि त्या घुसळण्यानं पाणी किती तापलं हे ज्यूल अतिशय नाजूक थर्मामीटरनं मोजी. तो दर आजच्या मापांत सांगायचा तर पाणी एका अंशानं तापवणं म्हणजे तेच पाणी सुमारे ४२७ मीटर उचलणं. उलट बाजूनं पाहिलं तर एवढ्या उंचीवरून कोसळलेलं पाणी तळाशी जेमतेम एका अंशानं गरम होईल. नायगाऱ्याच्या तळाचं पाणी फॅरनहाइटच्या एक पंचमांश अंशानं गरम असायला हवं, असं ज्यूलनं १८४५ साली लिहिलं होतं. दोन वर्षांनी, लग्नानंतर आल्प्समध्ये फिरायला गेलेला ज्यूल भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसनला वाटेत भेटला तो हातात लांबलचक थर्मामीटर घेऊन. धबधब्याच्या वरचं आणि खालचं तापमान मोजायचं होतं त्याला, अशी आठवण थॉमसननं पुढे सांगितली. नवी नवरी काय म्हणाली असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

पाणी इतकं हट्टी का? एक किलो तांबं जेवढ्या उष्णतेत एका अंशानं तापतं, तिच्या जवळजवळ अकरा पट उष्णता एक किलो पाणी मागतं. लोखंडाच्या मानानं नऊ पट. फोडणीचं तेल पाण्याच्या निम्म्या उष्णतेत भागवतं, म्हणून कढईत मोहरी लगेच तडतडते. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. आपण दिलेल्या उष्णतेचा मोठा वाटा हे बंध सैल करण्यात, तोडण्यात जातो. रेणूंची धावपळ, म्हणजे तापमान, त्या मानानं थोडंच वाढतं. समुद्राकाठी उन्हाळा-हिवाळा सौम्य असण्यामागे हाच हट्ट आहे. सकाळी कामाला उशीर होण्यामागेही तोच.

म्हणून तक्रारीच्या आधी आकडेमोड. पंधरा लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला सुमारे २५०० किलोज्यूल, म्हणजे ०.७ युनिट वीज लागते. अंगमेहनतीचं काम करणारा माणूस दिवसभर साधारण ७५ वॉटच्या दरानं राबतो असं धरलं, तर आठ तासांत त्याच्या कष्टाची बेरीज ०.६ युनिट होते. एका माणसाचा अख्खा दिवस आपण रोज सकाळी अंगावर ओतून मोरीत सोडतो. बहुतेक घरगुती गिझर २००० वॉटचे असतात; त्यांना ०.७ युनिट ओतायला २१ मिनिटं लागतात. महागड्या गिझरलाही तेवढीच, आणि नव्यालाही तेवढीच. पंचवीस लिटरचा असेल तर ३५ मिनिटं. जुना पंधराचा काढून नवा पंचविसाचा बसवला, वॉट तेवढेच राहिले, आणि ‘नवा गिझर जुन्यापेक्षा मंद आहे’ अशी कुरकुर सुरू झाली, हे कितीतरी घरांत घडतं. अंगावर चिकटवलेल्या पट्टीवरचे दोन आकडे वाचले तरी ती मिटते.

आता दुसरं आश्चर्य, आणि माझ्या मते मोठं. गिझरची कॉइल आळशी असूच शकत नाही. तांब्याच्या नळीत निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची, तार असते. या मिश्रधातूचं पेटंट अल्बर्ट मार्श यानं १९०६ साली घेतलं, आणि टोस्टरसारखी तापणारी उपकरणं त्यानंतर व्यवहारात आली. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड वीज अडवते आणि उष्णता जाऊ देते. असा दुहेरी स्वभाव फार थोड्या पदार्थांना असतो. तारेत शिरलेल्या विजेची पूर्ण उष्णता होते, शंभर टक्के. पंख्याची, पंपाची, बल्बची थोडी वीज भलतीकडे उष्णता बनून वाया जाते. इथे उष्णता हेच हवं असल्यामुळे वाया जायला जागाच नाही. ‘कॉइल कमजोर झालीये’ हे वाक्य म्हणून जपून ऐकावं. कॉइल बहुतेक वेळा एक तर पूर्ण चालते नाहीतर मुळीच चालत नाही. पाणी उशिरा तापत असेल तर दोनच प्रश्न उरतात: वीज पुरेशी येते आहे का, आणि आली असेल तर तिची उष्णता गेली कुठे? जमाखर्च कधी चुकत नाही. आपल्याला फक्त खर्चाची नोंद सापडलेली नसते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्क्रू ड्रायव्हर न उचलता मिळतं. विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो. एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकणार हे मीटरवरच छापलेलं असतं. पुष्कळ मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. घरातलं बाकी सगळं, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा, बंद करा, एकटा गिझर चालू ठेवा आणि एक मिनिट ठिपके मोजा. ३२०० च्या मीटरवर २००० वॉटचा गिझर मिनिटाला १०७ ठिपके दाखवतो. तेवढे आले तर कॉइलवरचा आरोप तिथेच फेटाळावा. ती उष्णता टाकीतल्या पाण्यात उतरते आहे याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. ठिपका जवळजवळ थांबला आणि पाणी तरीही गार असेल, तर मात्र थर्मोस्टॅट, सुरक्षेसाठी बसवलेला कटआउट किंवा कॉइल यांपैकी काहीतरी तुटलं आहे. तिथे इलेक्ट्रिशियनला बोलवावं. पाणी आणि २३० व्होल्ट शेजारी-शेजारी असताना झाकण उघडण्याचा उत्साह दाखवू नये.

आणि ठिपके १०७ च्या जागी ७३ आले तर? तर व्होल्टेज तपासा. २३० च्या जागी १९० व्होल्ट मिळाले तर तूट सहाव्या हिश्श्याची दिसते, पण गिझरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: दाब कमी म्हणून प्रवाह कमी, आणि ताकद हा या दोघांचा गुणाकार. २००० वॉटचा गिझर १३६५ वॉटवर येतो आणि २१ मिनिटांची ३१ होतात. गावाकडे शेतपंप चालू असण्याच्या वेळेत, किंवा वस्तीच्या अगदी टोकाच्या घरात, गिझर ‘बिघडतो’ आणि दुपारी आपोआप ‘दुरुस्त’ होतो, त्यामागे बहुधा हे असतं.

थंडीच्या तक्रारी वेगळ्या. निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटेपर्यंत किती गारठत असेल! समजा ते १२ अंशांवर आलं. उन्हाळ्यात २५ असायचं. गिझरला ६० गाठायला आता १८ ऐवजी २५ मिनिटं लागतील. एवढ्यावर भागत नाही. आंघोळ आपण ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यानं करतो, म्हणजे कढत पाण्यात विसण घालतो. उन्हाळ्यात पंधरा लिटर कढत पाण्यात वीस लिटर विसण खपतं आणि ३५ लिटर पाणी हाती येतं. थंडीत विसणच इतकं गार की अकरा लिटरच्या वर घालता येत नाही. हाती २६ लिटरही पुरते येत नाहीत. तोच गिझर, तीच वीज, आणि घरातल्या तिसऱ्या माणसाच्या बादलीला पाणी कोमट. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. आंघोळींमध्ये दहा-पंधरा मिनिटांचं अंतर ठेवलं की झालं.

इथवर जमेची बाजू झाली. टाकीच्या आत जे घडतं ते याहून सुंदर आहे, आणि खर्चाची गूढ नोंद बरेचदा तिथेच सापडते.

जुन्या वाड्यांत तांब्याचा बंब असे. मधोमध उभी नळी, तिच्यात ढलप्या आणि कोळशाचा जाळ, भोवती पाणी. बऱ्याच बंबांना वर नरसाळं असे. त्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की दुसऱ्या तोंडानं तांब्याभर कढत पाणी बाहेर पडे. घातलं गार, आलं गरम, आणि मधे दोन्ही मिसळत कशी नाहीत हे कोडं लहानपणी अनेकांना पडलं असेल. नरसाळ्याची नळी थेट तळापर्यंत गेलेली असते. २० अंशांच्या एका लिटर पाण्याचं वजन ९९८ ग्रॅम, ६० अंशांच्या पाण्याचं ९८३. फरक अवघा दीड टक्का, पण तेवढ्यावर गार पाणी तळाशी बसून राहतं आणि गरम पाण्याला अलगद वर उचलतं. दोघांमधली सीमा बोटभर रुंदीची असू शकते. तिच्या वर कढत, खाली गार.

भिंतीवरचा गिझर हीच युक्ती वापरतो. खालून दोन नळ्या आत जातात. गार पाण्याची तळाशीच संपते. गरम पाण्याची मात्र आतून थेट वरच्या टोकापर्यंत चढलेली असते, कारण सगळ्यांत गरम पाणी तिथे साठतं. नळ उघडल्यावर तळाशी शिरणारं गार पाणी वरच्या कढत पाण्याला ढकलत राहतं, म्हणून शेवटच्या लिटरपर्यंत धार गरम येते आणि मग एकदम गार पडते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत तळघरातली टाकी पन्नास गॅलनची, म्हणजे १९० लिटरची, आणि बहुतेकदा दोन कॉइलची असते. वरची आधी तापते, तिचं भागलं की वीज खालचीकडे जाते. खालची जळाली तर वरच्या थरापुरतंच पाणी गरम होतं: शॉवर काही मिनिटं छान आणि मग गार. वरची जळाली तर खालचीची पाळीच येत नाही आणि सगळी टाकी गार राहते. कुठली कॉइल गेली हे असं नुसत्या शॉवरवरून सांगता येतं.

आपल्याकडे या थरांची व्यवस्था मोडते ती प्लंबरच्या हातून. घाईत दोन्ही जोडण्या उलट झाल्या की गार पाणी वरच्या टोकाशी, नेमकं कढत पाण्यावर सांडतं, आणि आपण तळाशी राहिलेलं कोमट मिश्रण ओढतो. मीटर सांगतो वीज पूर्ण खर्च झाली, हात सांगतो पाणी कोमट आहे, आणि दोघेही खरं बोलत असतात. आतली उभी नळी तुटली किंवा गळून पडली तरी लक्षण हेच. नव्या बसवलेल्या, किंवा सर्व्हिसिंग करून परत टांगलेल्या गिझरनं पहिल्या दिवसापासून त्रास दिला तर इतर काही करण्याआधी निळी खूण आणि लाल खूण पाहावी.

दुसरा चोर याहून हुशार. गार-गरम एकत्र करणारा मिक्सर आणि त्याच्या पुढे हँडशॉवर असेल, आणि कोणी मिक्सरच्या दोन्ही चकत्या उघड्या ठेवून फक्त शॉवरच्या मुठीवरचं बटण बंद केलं असेल, तर भिंतीच्या आत गार आणि गरम पाण्याच्या लाइन एकमेकींना जोडलेल्या राहतात. मग बेसिनचा गरम नळ उघडल्यावर पाणी गिझरच्या लांबच्या वाटेनं यायचं सोडून या चोरवाटेनं गारच घुसतं, आणि गिझरमधून येणारं थोडंसं कढत पाणी त्यात हरवतं. गिझर आत मजेत तापलेला असतो. पारख सोपी आहे. गिझर आधी बंद करा, त्याला गार पाणी देणारा अँगल कॉक बंद करा आणि गरम नळ उघडा. धार काही क्षणांत थांबायला हवी. ती चालूच राहिली तर कुठेतरी गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय. ही तपासणी पाच मिनिटांची आणि फुकटची, तरी ती न करता थर्मोस्टॅट बदलले जातात याचं मला राहून राहून नवल वाटतं.

क्षारांबद्दल थोडं उलटं बोलणार आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, किंचित आंबट होतं आणि आपल्या काळ्या बसाल्टमधला कॅल्शियम विरघळवत बोअरपर्यंत पोचतं. हा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियम कार्बोनेट कमी विरघळतं. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि क्षार बाहेर पडतात, तेही सगळ्यांत गरम जागेवर, म्हणजे कॉइलच्याच अंगावर. डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातला लाव्हा पांढरं कवच होऊन आपल्या न्हाणीघरात बसतो!

हे कवच उष्णता अडवतं, म्हणून गिझर मंद होतो, असं सर्रास सांगतात. पण जमाखर्च काय म्हणतो? ठिपके १०७ येत असतील तर तेवढी उष्णता कवचातून वाट काढून पाण्यातच जाते. तिला दुसरी वाट नाही. फक्त ती ढकलण्यासाठी कॉइलला स्वतः खूप जास्त तापावं लागतं. तिचं आयुष्य त्यामुळे घटतं, कवचाखाली वाफेचे बुडबुडे फुटून टाकी खदखदू लागते, आणि शेजारीच बसलेला थर्मोस्टॅट कवचाच्या आतली धग मोजून ‘झालं तापून’ असा चुकीचा निर्वाळा देतो. मंदपणा येतो तो या लवकर तुटण्यातून आणि तळाशी साठलेल्या खपल्यांनी व्यापलेल्या जागेतून. गिझर खदखदतोय, लाल दिवा भराभर चालू-बंद होतोय आणि पाणी कोमट आहे, अशी तिन्ही लक्षणं एकत्र आली की टाकी उघडून साफ करून घ्यावी. बोअरचं पाणी असेल तर दरवर्षी.

इन्स्टंट गिझरची गोष्ट वेगळी, कारण त्यात साठा जवळजवळ नसतोच. ३००० वॉटचा असला तरी २० अंशांचं पाणी ४० वर नेत मिनिटाला दोन लिटरच्या थोडं वर देऊ शकतो. नळ पूर्ण सोडून मिनिटाला सहा लिटर ओढले तर तापमान सात अंशांनीच वाढेल. त्यावर इलाज म्हणजे नळ बारीक करणं.

गॅस गिझरला मात्र क्षारांचा आरोप पुरता लागू होतो. तिथे उष्णतेला दुसरी वाट आहे: पाण्यात नाही शिरली तर ती धुराड्यातून निघून जाते. शिवाय पाण्याचा दाब कमी असेल तर आतला पडदा गॅसची झडप पुरती उघडतच नाही. आणि थंडीत सिलिंडर संपत आला असेल तर आतला द्रव गॅस गारठून हळू उकळतो. ज्योत बारीक होते. हे सगळं दुरुस्त होतं. बंद न्हाणीघरात बसवलेला गॅस गिझर मात्र दुरुस्त करत बसू नये, काढून बाहेर हवेशीर जागी लावावा. अपुऱ्या हवेत जळणारी ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नाही, आणि त्यानं दरवर्षी माणसं दगावतात.

उरली नळी. काही घरांत पाणी वेळेवर तापतं, उशिरा पोचतं एवढंच. पाऊण इंची नळीच्या एका मीटरमध्ये सुमारे पाव लिटर पाणी मावतं. सोसायटीच्या गच्चीवरच्या सोलरपासून तुमचा नळ वीस मीटर दूर असेल तर पाच लिटर गार पाणी आधी बाहेर पडायला हवं, आणि ते गेल्यावर पहिलं कढत पाणी गार नळीला तापवत येतं. वर टाकीत कालच्या उन्हानं तापवलेलं पाणी तयार असतं. तिथेही पंप नसतो. काचेच्या नळ्यांत तापलेलं पाणी हलकं होऊन आपणच टाकीत चढतं आणि गार पाणी आपणच खाली उतरतं. मधल्या वीस मीटरला उष्णतारोधक वेष्टण गुंडाळलं तर सहाची आंघोळ झाल्यावर सव्वासहाच्या माणसाला नळीतलं पाणी अजून गरमच मिळतं, आणि पहिल्यानं सोडायचं पाच लिटर बादलीत धरून ठेवलं तर तेच विसणाला होतं.